मधुघट खरंच रिकामे आहेत का?

मागच्या शनिवारी मंडळाच्या बैठकीत आपण भा. रा. तांब्यांची ‘रिकामे मधुघट’ वाचली. आधी कुणीतरी मोबाईलवर लतादीदींच्या आवाजातलं गाणं लावलं. सगळे गप्प. मग छापील कागदावरून कविता वाचली गेली आणि चर्चा सुरू झाली. चर्चा कसली, पाच मिनिटांत एकमत झालं. विषय म्हातारपण, भाव कारुण्य, कवी थकलेला, दिवस मावळलेला. सर म्हणाले, “अजून कुणाला काही?” कुणालाच काही नव्हतं. मीही बोललो नाही. चहा आला, खारी आली आणि कविता संपली.

माझं म्हणणं असं आहे की आपण ही कविता अर्धीच वाचली. आणि हे मला कळलं ते कवितेमुळे कमी, घरी झालेल्या एका प्रसंगामुळे जास्त. तो पुढे सांगतो. आधी कविता.

ज्यांची बैठक चुकली त्यांच्यासाठी थोडक्यात. एक मित्र मध मागायला आलाय. बोलणारा त्याला सांगतो की घरातले मधाचे घडे रिकामे पडलेत. आजवर मी तुला कमळाच्या द्रोणातून भरभरून पाजलं, ती सेवा आठव आणि रागावू नकोस. आता माझ्याकडे देवाच्या नैवेद्यापुरती वाटीभर दूध उरलंय, आणि पूजेला फूल मिळावं म्हणून अंगणात एक कोरांटी कशीबशी जगवतोय. तुला तरुणांची कुजबुज हवी, झाडाझऱ्यांची गुपितं हवीत, संसाराचं मर्म हवं, पण जबरदस्तीने मध पिळायला लावू नकोस. दिवस कलला आहे, संध्याकाळच्या सावल्यांची भीती वाटते, नजर पलीकडच्या काठाला लागली आहे. बस, एवढंच. ध्रुपदाच्या दोन ओळी आणि चार ओळींची चार कडवी. एकूण अठरा ओळी.

तांबे जन्मले १८७३ साली आणि वारले १९४१ साली. त्यांचं बहुतेक आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर असं मध्य भारतातल्या संस्थानांत गेलं. ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून ते ओळखले गेले. म्हणजे मराठीतला एवढा मोठा गीतकार महाराष्ट्राबाहेरच राहिला, आपल्यासारखाच. सुरतेत वाढलेल्या आपल्या पोरांना “तुमचं मराठी गुजराती वळणाचं” असं पुण्याचे पाहुणे ऐकवतात ना, तेव्हा मला तांबे आठवतात. असो, हा विषय वेगळा.

आता घाट. मी मराठीच्या वहीत मात्रा मोजून पाहिल्या. तुम्हीही मोजा, फार वेळ लागत नाही. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे. पहिल्या ओळीपासून अठराव्यापर्यंत ताल कुठेही ढिला पडत नाही. प्रत्येक कडव्यात पहिल्या तीन ओळींचं एक यमक, आणि चौथी ओळ परत ध्रुपदाच्या ‘री’वर येऊन टेकते. चारही कडव्यांत हेच. माणूस म्हणतोय घडे रिकामे, आणि म्हणतोय ते अशा रचनेत की जिच्यात रिकामी जागा शोधून सापडत नाही. आपल्या बैठकीत हा मुद्दा कुणी काढला असता तर पुढचं वाक्य ठरलेलं होतं: “म्हणजे कवी विनयाने बोलतोय.” मला ते पटत नाही. विनय म्हणजे आहे ते कमी करून सांगणं. इथला माणूस हिशेब सांगतोय. काय होतं, कोणाला दिलं, काय उरलं, उरलेलं कशासाठी ठेवलंय. हा हिशेब चोख आहे आणि त्यात रडणं नाही.

आता चौथ्या ओळींकडे जरा नीट बघा. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ मित्राकडे तोंड करून आहे. एकदा दया कर, एकदा जबरदस्ती करू नकोस. दोन्ही वेळा यमकाच्या जागी आज्ञार्थी ‘करी’ आलंय. दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याची शेवटची ओळ मात्र स्वतःकडे वळते. एकदा अंगणातली कोरांटी, एकदा पलीकडचा काठ. म्हणजे मित्राला विनवायचं, मग स्वतःकडे बघायचं, परत मित्राला विनवायचं, परत स्वतःकडे. दारात आलेल्या माणसाशी बोलताना आपण मधेच घरात वळून बघतो, तसं.

यमकाच्या शब्दांतून आणखी एक रस्ता जातो. ध्रुपद ‘घरी’वर थांबतं. दुसरं कडवं अंगणात येतं. शेवटचं कडवं ‘पैलतीरी’ जाऊन संपतं. घर, अंगण, पैलतीर. यमक तेच, पण बोलणारा घरातून बाहेर आणि बाहेरून पलीकडे गेलेला असतो. गाण्यात हे कळत नाही, कारण गाण्यात प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुपद परत येतं. लतादीदी आपल्याला पैलतीरावरून उचलून परत रिकाम्या घड्यांपाशी आणून ठेवतात. छापील कागदावर मात्र शेवटची ओळ शेवटचीच राहते. म्हणून माझी विनंती आहे की हे गाणं आधी लावू नका. आधी वाचा. गाणं सुंदर आहे, पण ते आपला भाव आधीच ठरवून टाकतं.

आणि एक गंमत. बोलणारा पुरुष की बाई, हे कवितेतल्या एकाही क्रियापदावरून कळत नाही. मित्राला ‘सख्या’ म्हटलंय, पण स्वतःबद्दल काही नाही. मी दोनदा तपासलं. आपण कवीचं नाव वाचून पुरुष धरतो आणि गाणं ऐकताना बाई धरतो. पाहुण्याला देण्यासारखं घरात काही नाही हे अवघडलेपण आपल्याकडे बाईच्या वाट्याला जास्त येतं, त्यामुळे गाण्यातली बाई मला कदाचित जास्त खरी वाटते.

अवघडलेपण हाच शब्द मला त्या शनिवारी सापडायला हवा होता. कारुण्य नव्हे. महिनाअखेरीला दारात पाहुणा यावा, डब्यात साखर नसावी, आणि पाहुणा असा की ज्याला आपण वर्षानुवर्षं बासुंदी खाऊ घातली. त्या वेळी आईचा चेहरा कसा होतो? तिला रडू येत नसतं. तिला वाटत असतं की याने आता विचारू नये. पहिल्या दोन कडव्यांचा भाव नेमका तो आहे.

दुसरं कडवं तर मला सगळ्या कवितेचं मूळ वाटतं, आणि बैठकीत आपण त्याच्यावरून भरकन पुढे गेलो. नीट बघा, घर रिकामं नाहीच. वाटीभर दूध आहे. पण ते देवाचं आहे. एक झाड आहे, पण त्याची फुलं पूजेची आहेत. पहिल्या कडव्यात कमळ होतं, इथे कोरांटी. कोरांटी तुम्ही पाहिली असेल, कुंपणाला असते, काटेरी, फुलाला वास नाही. बाग एवढी आटली आहे. दूध आणि मध दोन्ही पंचामृतात लागतात, पण मध संपलाय आणि दूध राहिलंय. आणि जे राहिलंय ते कोणाला द्यायचं हे या माणसाने ठरवलेलं आहे. कडव्याची पहिली ओळ मोठ्याने म्हणून बघा, बहुतेक गुरू अक्षरं आहेत. जीभ सावकाश चालते. भरलेली वाटी हातात घेऊन माणूस चालतो तशी.

याच्या उलट तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ, तरुण मुलामुलींच्या कुजबुजीची. बहुतेक लघू अक्षरं, टपटप पडतात. सोळा मात्रा इथेही आणि तिथेही, पण चाल वेगळी. आणि मित्र काय काय मागतोय याची ही यादी म्हणजे तांब्यांच्याच आधीच्या कवितांचे विषय आहेत. प्रेम, निसर्ग, संसार. मित्र म्हणजे आपण, वाचक. “तसलंच आणखी एक लिहा ना.” पहिल्या कडव्यात मध ओतलेला होता, इथे तो पिळायचा आहे. ओतणं आणि पिळणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच तारुण्य आणि म्हातारपण यांत, असं तांबे म्हणत असावेत. म्हणजे मध नाहीच असं नाही. जोर लावला तर निघेलही थोडा. पण जोर लावायचा नाही आणि लावू द्यायचा नाही.

आता घरचा प्रसंग.

आपल्या मंडळाने यंदा सुरतेतल्या मराठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं ठरवलंय. चांगलंच आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नंदुरबारकडून ताप्ती लाईनच्या गाडीने इकडे आले आणि तीसेक वर्षं उधन्याला लूमच्या खात्यात राबले (बाहेरच्या वाचकांसाठी: इथे कारखान्याला खातं म्हणतात). बारा बारा तासांची पाळी. लूमच्या आवाजाने कान गेले. आम्ही लहान होतो तेव्हा गच्चीवर झोपायला गेलो की आबा गोष्टी सांगायचे. १९९४ च्या प्लेगमध्ये सुरत कशी एका रात्रीत रिकामी व्हायला लागली, स्टेशनावर पाय ठेवायला जागा कशी नव्हती. २००६ च्या पुरात तापीचं पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं. पायरी दर वेळी एक वर चढायची, पण आम्हाला चालायचं.

म्हणून पहिलं रेकॉर्डिंग आबांचं, असं मी बैठकीत छातीठोक सांगून आलो होतो. त्या आठवड्यात तीन रात्री मोबाईल घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो. “आबा, प्लेगची गोष्ट सांगा ना.” ते हसले. “आते काय सांगू रे तुले.” दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री मी म्हणालो, “आबा, इतकी वर्षं सांगायचात, आता काय झालं? पाच मिनिटं तर बोला.” आवाज थोडा चढला होता माझा. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून चढवला, असं मी नंतर स्वतःला समजावलं. ते काही न बोलता उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी चिडलो. आईला म्हणालो, “आबा ना, नुसतं नाटक करतात. सकाळी पेपर मोठ्याने वाचता येतो यांना.”

आई भांडी घासत होती. म्हणाली, “त्यांना बोलताना दम लागतो आता. सातला हरिपाठ म्हणायचा असतो ना, तेवढ्यासाठी दिवसभर कमी बोलतात.”

मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं. आबा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात हे मी ऐकत होतो, पण तो दम ते दिवसभर साठवतात हे कळलं नाही. ही झाली नैवेद्याची वाटी. आणि पहिल्या कडव्यात रागावू नकोस असं ज्याला सांगितलंय, तो मित्र म्हणजे तीन रात्री खाटेशी मोबाईल घेऊन बसलेला मी. शनिवारी ज्या कवितेवर मी मान डोलावली होती, ती मला पुढच्या बुधवारी भांड्यांच्या आवाजात कळली.

कारुण्य म्हटलं की आपली सुटका होते, असं मला आता वाटतं. बिचारे म्हातारे, संपले बिचारे, असं म्हणून डोळे पुसायचे. कवितेतला माणूस मात्र संपलेला नाही. तो नाही म्हणतोय. ज्याला आजवर कधी नाही म्हटलं नाही त्याला नाही म्हणतोय, आणि ते प्रेमाने म्हणता यावं म्हणून एवढी सोळा मात्रांची कसरत करतोय. म्हाताऱ्या माणसाला आपण औषध विचारतो, जेवण विचारतो, पण नकार द्यायची मुभा ठेवत नाही.

जरा शेजारी पाहू. आमच्या गल्लीत गुजराती बायका सत्संगात नरसिंह मेहतांच्या नावाने म्हातारपणावरचं एक पद गातात. हे म्हातारपण पाठवलं कुणी, अशी त्यात तक्रार आहे. उंबरठा डोंगराएवढा होतो, गावाची वेस परदेशासारखी लांब जाते. ऐकताना हसूही येतं, कारण आपल्या घरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं तसंच असतं. तिथे म्हातारपण हा आगंतुक पाहुणा आहे. तांब्यांकडे उलट आहे, म्हातारा माणूस हा यजमान आहे आणि पाहुणा तरुण आहे. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातला बारावा अध्याय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या चॅपलमध्ये ऐकला असेल. तिथे शरीर हेच एक जुनं घर आहे. राखणदार थरथरतात, दळणाऱ्या बायका कमी झाल्यामुळे थांबतात, आणि शेवटी झऱ्यापाशी घागर फुटते. मला ते वर्णन फार जबरदस्त वाटतं. पण फुटलेली घागर आणि रिकामा घडा यांत फरक आहे. फुटलेल्या घागरीचं काही होत नाही. रिकामा घडा घरात असतो, आणि तो भरलेला असतानाचे दिवस आठवणारा माणूसही घरात असतो.

शरीरावरून आठवलं. तांब्यांच्या या कवितेत म्हातारं शरीर नाहीच. पिकलेले केस नाहीत, पडलेले दात नाहीत, काठी नाही, खोकला नाही. म्हातारपण हा शब्दसुद्धा नाही. शेवटच्या कडव्यात पहिल्यांदा हृदय आणि डोळे येतात. हृदय घाबरलेलं आणि डोळे दूर लागलेले.

आणि इथे मला माझ्याच म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागते. आतापर्यंत मी सांगत होतो की हा माणूस ठाम आहे, हिशेबी आहे. पण शेवटच्या कडव्यात तो घाबरलाय आणि तसं सरळ सांगतोय. दिवस कलल्याचं क्रियापद तो दोनदा उच्चारतो, मधे एक ‘रे’. कवितेत इतरत्र क्रियापद असं लागोपाठ दोनदा आलेलं नाही. तोल गेल्यासारखं होतं तिथे, मात्रा बरोबर असूनसुद्धा. सावल्यांची भीती वाटते असं म्हणणारा माणूस शांतरसातला नाही. देवाची वाटी राखून ठेवलीय, तरी भीती गेलेली नाही. जयवंत दळवींनी एकाकी म्हाताऱ्या जोडप्याच्या नाटकाला ‘संध्याछाया’ हे नाव दिलं, आणि हाच शब्द या कडव्यात आहे. बैठकीत ज्यांना करुण वाटलं ते या कडव्यापुरते बरोबर होते, एवढं मी मान्य करतो. फक्त हे कडवं शेवटी येतं. त्याच्या आधी तीन कडवी हा माणूस स्वतःला सावरून पाहुण्याशी नीट बोलत असतो. आपण शेवटच्या कडव्याचा रंग आधीच्या तिन्हींवर फासला.

माझ्या एका मैत्रिणीला हा लेख आधी वाचायला दिला. ती म्हणाली, “मग काय, आपण आठवणी रेकॉर्ड करायच्याच नाहीत? ही माणसं गेली की प्लेग आणि पूर कोण सांगणार?” तिचं खरं आहे. उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. मित्राने मागणंच चूक आहे असं तांबेही म्हणत नाहीत. त्यांची हरकत जबरदस्तीला आहे. म्हणून मंडळाला माझी एक साधी सूचना आहे. उपक्रमाचा जो फॉर्म आपण छापलाय त्यात नाव, गाव, सुरतेत कधी आले, काय काम केलं असे रकाने आहेत. त्यात आणखी एक रकाना ठेवा: ‘सांगायचं नाही’. त्यावर खूण केली की आपण चहा पिऊन परत यायचं, आणि यादीत ते नाव राहू द्यायचं. नुसतं नाव. आणि गाठायची वेळ त्यांना विचारून ठरवायची, आपल्या लेक्चरच्या वेळेवरून नाही.

आबांच्या फॉर्मवर मी ती खूण केली आहे. परवा सातला मी मोबाईल आत ठेवून ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. हरिपाठ संपल्यावर ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग म्हणाले, पुरात पाणी सातव्या पायरीला होतं. मागच्या वेळी सहावी होती.